उन्हाळी अंतराळ शिबिर: साहित्य, कृती, निरीक्षण

अंतराळ शिबिराला तीन गोष्टी लागतात: मुले, आकाश आणि फ्लेक्स. यांपैकी फ्लेक्स सर्वांत आधी तयार होतो. त्यावर झेपावणारे अमेरिकी स्पेस शटल असते, जे २०११ साली, म्हणजे शिबिरातली बहुतेक मुले जन्मण्यापूर्वीच, सेवानिवृत्त झाले. शेजारी एक अंतराळवीर तरंगत असतो. शिरस्त्राणाला काळी काच असल्याने तो ओळखू येत नाही. खालच्या ओळीतले सौजन्यकर्ते मात्र एकूण एक ओळखू येतात. ‘प्रात्यक्षिकांवर भर’, ‘मर्यादित जागा’ आणि ‘अल्पोपाहाराची सोय’ ही तीन आश्वासने ठळक टायपात दिलेली असतात. यांतले तिसरे हमखास पाळले जाते, दुसरे सहसा पाळले जात नाही, आणि पहिल्याचे काय होते हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुलांच्या हातात अंतराळ द्यावे ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल येथे १९८२ मध्ये ‘स्पेस कॅम्प’ सुरू झाला. तिथे मुलांना चहूबाजूंनी गरगरणाऱ्या खुर्चीत बांधतात आणि त्याबद्दल आईवडिलांकडून डॉलर घेतात. भारतात इस्रोने २०१९ पासून ‘युविका’ सुरू केले. त्यात नववीतल्या निवडक मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांत ठेवून घेतात आणि प्रवासापासून जेवणापर्यंतचा खर्च इस्रोच करते. फुकट असल्यामुळे त्याच्या दर्जाविषयी काही पालकांच्या मनात शंका असते. पुण्यात १९४४ सालापासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. मुंबईत नेहरू तारांगण १९७७ मध्ये उघडले आणि १९८५ पासून खगोल मंडळ माणसांना वांगणीला नेऊन रात्रभर जागवते आहे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षे काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रिकाम्या बाटल्यांपासून खेळणी करून दाखवली. ही सगळी परंपरा डोळ्यांसमोर असतानाही सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरणारे तीन दिवसांचे शिबिर नेहमी शून्यापासून सुरू होते, आणि पुष्कळदा तिथेच थांबते.

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे तारीख. ती ठरवताना सभागृह कधी रिकामे आहे, प्रमुख पाहुणे कधी मोकळे आहेत, लग्नाचे मुहूर्त कुठे आडवे येतात आणि आयपीएलचा अंतिम सामना कधी आहे, एवढे पाहिले जाते. चंद्र कधी मोकळा आहे हे कोणी विचारत नाही. त्यासाठी वेधशाळा गाठावी लागत नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेवर तिथी छापलेली असते. तरीही आकाशदर्शन हटकून पौर्णिमेच्या आसपास ठेवले जाते, कारण ‘तेव्हा चंद्र पूर्ण दिसतो’. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडते, त्यामुळे विवरांना सावल्या राहत नाहीत आणि दुर्बिणीतून तो चुना फासलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. शिवाय त्याच्या उजेडात बाकीचे तारे बुडून जातात ते वेगळेच. शुक्ल सप्तमी ते दशमी हे खरे सोयीचे दिवस. तेव्हा चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो, आणि त्याच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा लांबलचक सावल्या टाकत उभ्या असतात. मुलाने एकदा हे पाहिले की पुढचे व्याख्यान वाचते. कदाचित म्हणूनच व्याख्याते पौर्णिमा सुचवत असावेत.

तारीख कितीही जपून काढली तरी वळीव बरोबर आकाशदर्शनाच्या संध्याकाळी येतो. अशा वेळी पर्यायी कार्यक्रम म्हणून प्रोजेक्टरवर माहितीपट लावतात. चंद्रयान-३ उतरण्याच्या बेतात असते, २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ पडद्यावर रंगलेली असते, सहा वाजून चार मिनिटे व्हायची असतात, आणि वीज जाते. वीज गेली की परिसरातले सगळे दिवे विझतात, पाऊस थांबलेला असतो, ढग फाटतात आणि गावातून वर्षभरात कधी दिसत नाही असे आकाश माथ्यावर उघडते. पण तोवर संयोजक मुलांना घरी पोहोचवण्याच्या गडबडीत असतात.

मे महिन्याचा एक मोठा गुण संयोजकांच्या लक्षात येत नाही. सूर्य जून महिन्यात कर्कवृत्तापर्यंत जातो आणि मागे फिरतो. त्या वाटेवर तो गोवा आणि महाराष्ट्र ओलांडतो तो नेमका मे महिन्यात. ज्या दिवशी तो एखाद्या गावाच्या बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी तिथे मध्यान्ही उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: पणजीला मेच्या दोन-तीन तारखेला, कोल्हापूरला सात मेच्या आसपास, पुण्याला तेरा-चौदाला, मुंबईला पंधराच्या सुमारास आणि नागपूरला सव्वीसच्या आगेमागे. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तिला हा मान कधीच मिळत नाही. महाराष्ट्रावर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी याचीही नोंद घ्यायला हरकत नाही. सावली जुलैच्या सुमारास पुन्हा एकदा गायब होते, पण तेव्हा ढग असतात आणि शाळाही असते. म्हणजे सुट्टी, ऊन आणि खगोलशास्त्र हे तिन्ही एकत्र येण्याचा योग फक्त मे महिन्यात आहे, त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक सरळ उभा राहणारा डबा, आणि त्याचे शुल्क शून्य आहे. बहुधा या शेवटच्या कारणामुळेच तो माहितीपत्रकात येत नाही.

आलाच, तर काय होते ते पाहण्यासारखे असते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून मे महिन्यात तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून एकतीस मिनिटांच्या सुमारास. मुंबईत आणखी चार मिनिटे उशिरा. पटांगणात एका ओळीत स्टीलचे डबे, काचेच्या बरण्या, पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. सव्वाबारापासून मुले त्यांच्याभोवती उकिडवी बसतात. सावल्या आखडत आखडत डब्याच्या बुडाशी येतात. मंडपात प्रमुख पाहुण्यांचे भाषण ‘शेवटी एवढेच सांगतो’ या टप्प्यावर आलेले असते. बारा तीसला सूचना येते की सर्वांनी आत येऊन बसावे, आभारप्रदर्शन व्हायचे आहे. आत जाणारी मुले गुणी ठरतात. न ऐकणाऱ्या चारपाच जणांना पुढची दोन मिनिटे दिसतात: बरणी उन्हात उभी आहे आणि तिला कुठल्याही बाजूला सावली नाही. मग पूर्वेकडे एक बारीक काळी रेघ उगवते आणि खेळ संपतो. पाहुणे बाहेर येऊन विचारतात, ‘झालं का?’

मे महिन्यातले ऊन आणखी एका कामाला येते. दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहायचे नाही, दृष्टी कायमची जाऊ शकते, ही सूचना प्रत्येक शिबिरात दिली जाते आणि ती दिलीच पाहिजे. पण ती देऊन झाल्यावर सूर्य पाहायचा कसा, हे सांगायचे राहते. जुन्या कौलारू घरांत त्याची सोय आपोआप झालेली असते. कौलांच्या फटीतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात. फट चौकोनी असो की वेडीवाकडी, कवडसा गोलच. कारण ती फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. तिचा व्यास फट-जमीन अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतका भरतो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या कौलातून तीन सेंटिमीटरच्या आसपास. पट्टी घेऊन कवडसा मोजायचा आणि या गुणोत्तरावरून सूर्याचे अंतर माहीत धरून त्याचा व्यास काढायचा, हे सातवीच्या मुलाला जमते. स्लॅबच्या घरातल्यांनी आंब्याखाली जावे. पानांच्या सांदींतून तेच कवडसे पडतात आणि मे महिन्यात आंब्याखाली जायला मुलांना कारण लागत नाही.

आता कृतीकडे. शिबिरात सूर्यमाला करणे सक्तीचे आहे. ती थर्माकोलच्या गोळ्यांची असते. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, पण सूर्यमालेला तिची झळ लागलेली दिसत नाही. बाजारात गोळे तीन मापांत मिळतात, त्यामुळे ग्रहही तीन मापांचे होतात. गुरू पृथ्वीच्या दुप्पट, शनी तेवढाच पण त्याला पुठ्ठ्याची कडी. प्लुटोचे काय करायचे यावर दरवर्षी वाद होतो. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने त्याला ग्रहांच्या यादीतून काढले, पण ज्या पालकांनी नऊ ग्रह पाठ केले आहेत त्यांना तो निर्णय अजून मान्य नाही, आणि उरलेला नववा गोळा टाकून देणे जिवावर येते.

खऱ्या मापाची सूर्यमाला करायची तर वाणसामान पुरते. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरायचे. सूर्याला १४ सेंटिमीटरचे खरबूज चालते. पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा बारीकसा दाणा, आणि तो खरबुजापासून १५ मीटरवर ठेवायचा. चंद्र हा रव्याचा कण, दाण्यापासून चार सेंटिमीटरपेक्षा जरा कमी अंतरावर. माणूस आजवर गेला आहे तो एवढाच लांब. गुरूला गोटी लागते आणि ती ७८ मीटरवर, म्हणजे क्लबहाउसच्या भिंतीपलीकडे, रस्ता ओलांडून. शनी १४३ मीटरवर, वाण्याच्या दुकानापाशी. नेपच्यून म्हणजे मुगाचा दाणा, ४५० मीटरवर, बस थांब्याच्या पुढे. सभागृह सोडले नाही तर सूर्यमाला पृथ्वीपाशीच संपते, आणि सोडले तर पालकांची लेखी परवानगी लागते. या मापात प्रकाश सेकंदाला तीन सेंटिमीटर चालतो. म्हणून नेपच्यूनच्या जागी उभ्या केलेल्या मुलाला पोहे तयार झाल्याचा निरोप प्रकाशाच्या वेगाने पाठवला, तर तो चार तासांनी पोहोचेल. व्यवहारात त्याचे पोहे राहूनच जातात. सर्वांत जवळचा तारा दाखवायचा झाल्यास तो चार हजार किलोमीटरवर ठेवावा लागेल. भारताची उत्तर-दक्षिण लांबीच ३,२१४ किलोमीटर आहे, त्यामुळे हे प्रात्यक्षिक शिबिराच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

विवरे करण्याचा प्रयोग हा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत शास्त्रीय. परातीत चार बोटे पीठ, त्यावर रांगोळीच्या रंगाचा पातळ थर, आणि वरून गोटी सोडायची: आधी गुडघ्याच्या उंचीवरून, मग कमरेच्या, मग खांद्याच्या. खड्डा गोटीपेक्षा मोठा होतो आणि आतले पांढरे पीठ रंगावर किरणांसारखे उडते. चंद्रावरच्या टायको विवराभोवतीचे पांढरे पट्टे असेच उडालेल्या मालाचे आहेत. प्रयोग शिस्तीत चाललेला असतो तोवर एखादी मुलगी गोटी तिरकी फेकते. खड्डा लांबट होतो. ती विचारते, ‘मग चंद्रावरचे सगळे खड्डे गोल कसे? सगळे दगड काय सरळच पडले?’ यावर प्रशिक्षक चहा घ्यायला जातात. वास्तविक उत्तर सोपे आहे आणि सुंदरही: अंतराळातला दगड सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येतो, आदळताक्षणी त्याच्या ऊर्जेचा स्फोट होतो, आणि खड्डा दगडाने नव्हे तर स्फोटाने होतो. स्फोट सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून दगड बराच तिरका आला तरी विवर गोलच. फारच निसटता आला तरच ते लांबट होते. गोटीला तो वेग नाही. ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यात जाऊन तपासता येते. लोणारचे विवर जवळपास गोल आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि ते करणारा दगड त्याच्या कित्येक पटींनी लहान होता. तो आदळला तो दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर, आणि चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचेच आहेत. चंद्रावर कशी जमीन असते हे अभ्यासायला लोणारला जगभरातून माणसे येतात. शिबिराची सहल मात्र वॉटरपार्कला जाते.

ज्यांना बसचे भाडे परवडते त्यांच्यासाठी नारायणगावजवळ खोडद आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, द्राक्षबागांच्या मुलखात उभ्या आहेत आणि आकाशातून येणारे क्षीण रेडिओसंदेश टिपतात. मोबाईलच्या लहरींनी त्या कामात व्यत्यय येतो, म्हणून तिथे फोन बंद ठेवायला सांगतात. अंतराळ किती विशाल आहे याची जाणीव सोबत आलेल्या पालकांना प्रथम याच क्षणी होते.

शिबिराचा मानबिंदू म्हणजे पाण्याचे रॉकेट. थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्यायची, तिचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरायचा, तोंडाला व्हॉल्व्ह खुपसलेले रबरी बूच घट्ट बसवायचे, बाटली उलटी उभी करायची आणि सायकलच्या पंपाने हवा भरत राहायचे. बूच सुटले की पाणी खाली, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम पाठ करायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी वेळात तो अंगावर येतो. बाटली सोडावॉटर-कोल्ड्रिंकची लागते, कारण तीच दाब सोसण्यासाठी बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली फुटते. यातून नियोजनाचा एक गंभीर प्रश्न उभा राहतो. तीस मुलांना प्रत्येकी एक बाटली द्यायची तर साठ लिटर कोल्ड्रिंक कोणीतरी प्यायला हवे. विवेकी संयोजक पंधरा दिवस आधी भंगारवाल्याशी संधान बांधतो. अविवेकी संयोजक एकच बाटली आणतो.

आणि इथेच ‘प्रात्यक्षिकांवर भर’ या शब्दांचा उलगडा होतो. एक बाटली असते. ती महाग नसते, पण एकच असते, म्हणून तिचे मोल वाढते. बूच कोण बसवणार? ‘थांब, तुला जमणार नाही,’ म्हणून दादा बसवतात. पंप कोण मारणार? मुलाला जोर पुरत नाही म्हणून त्याचे वडील मारतात. वडिलांना दम लागतो म्हणून काका मारतात. काकांनी लहानपणी सायकलचे दुकान चालवलेले असते आणि ते सर्वांना मागे सरायला सांगतात. तीस मुले दोरीमागे उभी राहून चार प्रौढांना खेळताना पाहतात. उलटी गणती दहापासून सुरू होते, बूच सातालाच सुटते, निम्मे पाणी काकांवर आणि उरलेले पाहुण्यांवर उडते, बाटली तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जाऊन पडते, टाळ्या वाजतात, आणि त्या गच्चीची किल्ली गावाला गेलेली असते.

याउलट प्रत्येकाकडे बाटली असली की नियोजन कोलमडते आणि शिक्षण सुरू होते. कोणी पाणी काठोकाठ भरतो. रॉकेट जेमतेम उठते आणि आडवे होते. कोणी पाणी घालतच नाही. बाटली फट्दिशी उडते आणि लगेच खाली येते. मग एक तृतीयांश हे प्रमाण कुठून आले ते कोणी सांगावे लागत नाही. पुठ्ठ्याचे पंख लावलेले रॉकेट सरळ जाते, एकच पंख लावलेले कुठेही जाते. वहीत टिपणे होतात, ती पाण्याने भिजतात. साधने नाहीत ही सबब सांगणाऱ्यांनी थुंबा आठवावे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून भारतातले पहिले अग्निबाण उड्डाण झाले तेव्हा प्रयोगशाळा एका चर्चच्या इमारतीत होती आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात. १९८१ मध्ये ‘अ‍ॅपल’ उपग्रह चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवला होता. या दोन्ही प्रसंगांच्या छायाचित्रांवर शिबिरात भाषणे होतात. सायकल मात्र पार्किंगमध्ये कुलूप लावून ठेवलेली असते.

अंतराळवीराच्या जीवनाचा तासही असतो. त्यात कार्यालयातली फिरती खुर्ची आणून मुलांना गरगरवतात. पोह्यांनंतर हा प्रयोग करू नये. ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते’ असे माहितीपत्रकात छापलेले असते आणि ते चूक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरते. तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अंतराळवीर तरंगतो तो स्थानकासकट सतत पडत असतो म्हणून. हे पटवायला बुडाला भोक पाडलेली बाटली पुरते. तिच्यात पाणी भरून बोट काढले की धार लागते. तीच बाटली गच्चीवरून सोडली की पडता पडता धार थांबते, कारण पाणी आणि बाटली बरोबरच पडत असतात. खालच्या मजल्यावर कोणी कपडे वाळत घातलेले नाहीत एवढे आधी पाहावे. जेवणाच्या भागात मात्र महाराष्ट्राला अडचण नाही. पावाचा चुरा तरंगून यंत्रांत शिरतो म्हणून अमेरिकी अंतराळवीर १९८० च्या दशकापासून पावाऐवजी टॉर्टिया, म्हणजे जवळपास आपली पोळीच, नेऊ लागले. जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्यासोबत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. ही माहिती दिल्यावर आया प्रथमच वहीत काही लिहून घेतात.

रात्री दुर्बीण. तीस मुलांची रांग लागते आणि पालक ‘फक्त एकदाच’ म्हणून मधेच घुसतात. पृथ्वी फिरत असल्याने आकाश तासाला पंधरा अंश सरकते. चंद्राला स्वतःच्या रुंदीइतके सरकायला दोन मिनिटे लागतात. एका मुलाला एक मिनिट दिले तर तिसऱ्या मुलापर्यंत चंद्र दुर्बिणीतून निघून गेलेला असतो. तिसरे मूल डोळा लावते, अंधार पाहते. ‘दिसलं?’ ‘हो, दिसलं.’ चौथेही ‘दिसलं’ म्हणते. रांग वेगाने पुढे सरकते आणि संयोजक समाधानी असतात. अखेर पहिलीतला एखादा मुलगा मोठ्याने सांगतो की आत काळे आहे आणि एक केस आहे. तो केस त्याच्याच पापणीचा असतो, पण दुर्बीण पुन्हा रोखली जाते ती त्याच्यामुळे. मुलांनाच दुर्बीण हलवू दिली, चंद्र शोधून आणायला सांगितले, तर रांग मंदावते आणि पृथ्वी फिरते हे कोणी न शिकवता कळते. ज्यांची पाळी यायची आहे त्यांच्यासाठी नुसते डोळे असतात. मेमध्ये रात्री नऊला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती आणि आणखी पुढे चित्रा सापडते. शेपटीतल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती दिसते का, यावर डोळ्यांची परीक्षा होते आणि चष्म्याचे दोन नवे रुग्ण निघतात. आग्नेयेला वृश्चिक वर येत असतो, त्यात ज्येष्ठा तांबूस चमकते. ‘आमच्या छोट्याची वृश्चिक रास आहे, हीच का ती?’ असे विचारले जाते. तारे तेच आहेत. छोट्यावर त्यांचा परिणाम एवढाच की तो साडेनऊपर्यंत जागा आहे.

समारोपाला प्रमाणपत्रे वाटतात. त्यांवर ‘भावी शास्त्रज्ञ’ असे छापलेले असते, नावाची जागा रिकामी ठेवून. शेवटच्या घटकेला नावे भरली जातात आणि त्यांत दोघांची आडनावे बदलतात. समूहछायाचित्रात मागची रांग टोप्यांत झाकली जाते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौथीतल्या मुलाचे वडील नासात जाण्यासाठी आतापासून काय करावे असे विचारतात, आणि संयोजक त्यांना पुढच्या वर्षीच्या रोबोटिक्स शिबिराचा फॉर्म पाठवतात.

मुलाचे नाव घालण्यापूर्वी पालकांनी फ्लेक्स वाचू नये. फोन करून एवढेच विचारावे की किती मुलांमागे किती बाटल्या आहेत. दोन-तीन मुलांमागे एक असेल तर पैसे भरावेत, तारखेची तिथी काहीही असो. पन्नास मुलांमागे एक असेल तर बाटली घरीच असते, पंप शेजाऱ्यांकडे मिळतो, आणि काकांना त्या दिवशी बोलावू नये.